वर्गातील हवा : पालकांनी काय पाहावे आणि काय विचारावे

शाळेच्या भेटीला गेल्यावर आपण मराठी पालक बहुधा तीन गोष्टी विचारतो. मुलाचे गणित कसे आहे, वाचन कसे आहे आणि वर्गात त्याला मित्र आहेत का? या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात मूल ज्या हवेत श्वास घेते, त्या हवेबद्दल सहसा कोणी विचारत नाही. डब्यात काय दिले, पाणी उकळलेले आहे की नाही, याची आपण काळजी घेतो. हवा मात्र दिसत नाही, म्हणून ती राहून जाते.

पुकेकोहे आणि आसपासच्या आपल्या कुटुंबांसाठी हा विषय दोन कारणांनी जवळचा आहे. पहिले कारण दमा. बालकांमधील दमा आणि ॲलर्जी यांचा 'आयझॅक' हा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९१ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या डॉ. इनेस ॲशर ऑकलंडच्याच. मुंबई आणि पुणे येथील केंद्रांनीही त्यात भाग घेतला होता. पहिल्या टप्प्यात न्यूझीलंडमधील १३-१४ वर्षांच्या दर दहा मुलांपैकी सुमारे तिघांनी मागील वर्षभरात छातीत घरघर झाल्याचे सांगितले. भारतातील केंद्रांवर हे प्रमाण त्या मानाने बरेच कमी होते. याला कारणे अनेक आहेत आणि सारा दोष वर्गातील हवेवर टाकता येणार नाही. पण दमा असलेल्या मुलाला कोंदट, ओलसर खोलीचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, एवढे नक्की.

दुसरे कारण आपल्या सवयीत आहे. 'वारा लागेल, सर्दी होईल' हे वाक्य आपण आजीकडून घेऊन आलो आहोत. त्यामुळे जून-जुलैच्या थंडीत वर्गाच्या खिडक्या बंद ठेवा असे शिक्षकांना सांगणाऱ्या पालकांत आपणही असतो. प्रत्यक्षात सर्दीचे विषाणू खिडकीतून येत नाहीत, ते शेजारच्या बाकावरून येतात. खिडकी बंद केली की ते खोलीतच साठतात.

येथील वर्गांची रचना

न्यूझीलंडमधील बहुतेक शाळांत हवा आणण्यासाठी पंखे किंवा नळांची यंत्रणा नसते. हवा खिडकी-दारांतून येते आणि तेथूनच जाते. इमारत नियमावलीच्या जी-४ या कलमात नैसर्गिक वायुवीजनासाठी एक साधे माप दिले आहे. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान ५ टक्के असावे. म्हणजे ६० चौरस मीटरच्या वर्गाला ३ चौरस मीटर उघडणारी खिडकी हवी. मात्र हे माप खिडकी असण्याचे आहे, ती उघडली जाण्याचे नाही. कागदोपत्री पूर्ण नियमात बसणारा वर्गही खिडक्या लावून घेतल्यावर कोंदटच होतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. भिंतीवरचा हीट पंप चालू आहे म्हणजे ताजी हवा येते आहे, असे अनेकांना वाटते. भिंतीवरचा नेहमीचा हीट पंप खोलीतीलच हवा ओढून ती गरम किंवा थंड करून परत सोडतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. त्यामुळे खोली उबदार असूनही हवा शिळी असू शकते.

मोकळ्या हवेची ही कल्पना नवी नाही. म्युनिकचे शास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतील हवेची परीक्षा कार्बन डायऑक्साइडवरून करावी आणि त्याची मर्यादा हजार भागांत एक भाग असावी, असे मांडले. येथे न्यूझीलंडमध्ये १९२४ साली क्राइस्टचर्चला मोकळ्या हवेतील वर्गांची चळवळ उभी राहिली आणि एक बाजू पूर्ण उघडणारे वर्ग बांधले गेले.

पुकेकोहेचा स्वतःचा इतिहास मात्र कडू आहे. १९२०च्या दशकाच्या मध्यात चिनी आणि भारतीय बागाईतदारांविरुद्ध उभी राहिलेली 'व्हाइट न्यूझीलंड लीग' याच गावातली. पुढील काही दशके भाजीच्या मळ्यांत राबणारी माओरी कुटुंबे ओलसर, दाटीवाटीच्या झोपड्यांत राहिली आणि त्यांतील अनेक मुले क्षय, गोवर आणि छातीच्या विकारांनी दगावली. १९५२ मध्ये माओरी मुलांसाठी येथे वेगळी शाळा काढली गेली. रॉबर्ट बार्थोलोम्यू यांच्या २०२० मधील पुस्तकात हा इतिहास सविस्तर आला आहे. चांगली हवा कोणाला मिळते, हा प्रश्न या गावात पूर्वीपासूनचा आहे.

एका आकड्याची गोष्ट

आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत त्याचे प्रमाण वाढले, म्हणजे इतरांनी सोडलेली हवा साठली. या पातळीवर हा वायू स्वतः विषारी नसतो. ताजी हवा किती कमी पडते आहे, याची ती खूण आहे. हे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात. बाहेरच्या हवेत ते आज ४२० च्या आसपास आहे. वेलिंग्टनजवळच्या बेअरिंग हेड येथे १९७२ पासून त्याची मोजणी चालू आहे.

आता एक हिशेब करू. वर्ग ६० चौरस मीटरचा, उंची २.७ मीटर, म्हणजे आत १६२ घनमीटर हवा. पंचवीस मुले आणि एक शिक्षिका. प्राथमिक शाळेतील मूल सेकंदाला सुमारे ०.००४५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. सोयीसाठी सव्वीस जणांना हाच आकडा धरला तर पूर्ण बंद खोलीतील प्रमाण मिनिटाला सुमारे ४३ पीपीएमने वाढेल. म्हणजे नऊच मिनिटांत ४२० वरून ८००. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, तरीही बंद वर्ग तासाभरात २,००० च्या पुढे सहज जातो.

या आकड्याचा अर्थ असा. सोडलेल्या श्वासात सुमारे ३८,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत २,००० असेल तर त्यातून बाहेरचे ४२० वजा करून उरलेल्या १,५८० ला ३८,००० ने भागावे. उत्तर ४ टक्क्यांहून थोडे जास्त येते. म्हणजे आपले मूल घेत असलेल्या दर २४ श्वासांमागे एक श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. ८०० ला हेच प्रमाण शंभरात एक असते. वर्गात कोणी फ्लू किंवा कोविड घेऊन आले असेल तर या फरकाला फार महत्त्व येते.

साधारण मार्गदर्शन म्हणून पुढील पायऱ्या लक्षात ठेवाव्यात :

८०० पर्यंत – हवा चांगली.
८०० ते १,५०० – खिडक्या अधिक उघडण्याची वेळ.
१,५०० च्या वर बराच वेळ – वायुवीजन अपुरे, कारण शोधावे.
२,००० च्या वर – खिडक्या-दारे पूर्ण उघडावीत आणि मुलांना थोडा वेळ बाहेर न्यावे.

मीटर कोठे आहे?

कोविडच्या काळात, २०२२ मध्ये, शिक्षण मंत्रालयाने देशभरातील शाळांना कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे मीटर पाठवले आणि हवा गाळणारी यंत्रेही वाटली. तेव्हा पहिला प्रश्न अगदी सोपा आहे. आपल्या शाळेतील मीटर आज कोठे आहे? तो वापरात आहे, की कपाटात बॅटरी संपून पडला आहे? हा प्रश्न विचारायला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

गाळणी यंत्राबद्दल एक खुलासा. ते हवेतील धूळ, धूर, परागकण आणि विषाणू असलेले सूक्ष्म थेंब पकडते. कार्बन डायऑक्साइड मात्र ते काढू शकत नाही. म्हणून यंत्र चालू असतानाही मीटरचा आकडा चढलेला दिसेल. याचा अर्थ यंत्र बिघडले असा नव्हे. त्याने काही काम होते, पण खिडकीचे काम होत नाही. शिवाय त्याची गाळणी वेळेवर बदलली नाही तर ते नुसता आवाज करणारे खोके उरते.

कोणी स्वतः मीटर घेणार असेल तर अवरक्त किरणांनी मोजणारा, म्हणजे 'एनडीआयआर' पद्धतीचा घ्यावा. अगदी स्वस्त उपकरणे इतर वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. फोडणी टाकली तरी त्यांचा आकडा उडी मारतो. चांगला मीटर काही शे डॉलरला पडतो. त्यामुळे एका कुटुंबाने घेण्यापेक्षा चार-पाच कुटुंबांनी मिळून घेणे किंवा शाळेच्या पालक गटाच्या निधीतून घेणे परवडते.

मोजणी कशी करावी

शिक्षिकेच्या परवानगीने आणि त्यांच्या सोबतीनेच मोजणी करावी. पद्धत अशी :

१. प्रथम मीटर बाहेर मोकळ्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. आकडा ४२० च्या आसपास आला पाहिजे. फार वेगळा आला तर माहितीपत्रकाप्रमाणे मीटर जुळवून घ्यावा.

२. वर्गात तो बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. खिडकी, दार आणि हीट पंपापासून दूर असावा. कोणाचाही श्वास त्यावर थेट पडू नये, म्हणून माणसांपासून निदान एक मीटर अंतर ठेवावे.

३. नोंद पाच वेळा करावी : शाळा भरण्यापूर्वी, सकाळच्या सुट्टीच्या आधी, त्या सुट्टीनंतर, जेवणाच्या सुट्टीच्या आधी आणि शाळा सुटताना.

४. प्रत्येक आकड्याशेजारी मुलांची संख्या, उघड्या खिडक्या, हीट पंप चालू की बंद, पाऊस-वारा हे लिहावे. संगणकाच्या क्षेत्रातील मंडळींना लॉग ठेवण्याची सवय असतेच. नुसत्या आकड्यावरून कारण कळत नाही, शेजारच्या टिपणावरून कळते.

५. ही नोंद एका दिवसाची नको. दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात, म्हणजे थंडीत, सलग चार-पाच दिवस करावी. उन्हाळ्यातील चांगला आकडा थंडीबद्दल काही सांगत नाही.

आता एक उपयुक्त युक्ती. मुले सुट्टीत बाहेर गेली की वर्ग रिकामा होतो आणि आकडा उतरू लागतो. तो किती वेगाने उतरतो, यावरून हवा किती वेळा बदलते ते काढता येते. खिडक्या शिकवताना होत्या तशाच ठेवाव्यात. प्रथम आकड्यातून ४२० वजा करावेत. जे उरते ते निम्मे व्हायला किती मिनिटे लागली ते पाहावे. ४२ ला त्या मिनिटांनी भागले की तासाला हवा किती वेळा बदलते ते कळते.

उदाहरणार्थ, आकडा २,०२० वरून १,२२० वर यायला १४ मिनिटे लागली. ४२० वजा केल्यावर १,६०० चे ८०० झाले, म्हणजे निम्मे. ४२ भागिले १४ बरोबर ३. तासाला तीन वेळा हवा बदलते. आपल्या १६२ घनमीटरच्या वर्गात ही सेकंदाला १३५ लिटर हवा झाली. सव्वीस जणांत वाटली तर माणशी ५ लिटर. एनझेडएस ४३०३ या १९९० च्या न्यूझीलंड मानकात वर्गासाठी माणशी सेकंदाला ८ लिटर धरले आहेत. म्हणजे वर्ग कमी पडतो आहे. तेवढे ८ लिटर मिळायचे असतील तर या वर्गातील आकडा सुमारे ९ मिनिटांत निम्मा उतरला पाहिजे. एक मीटर, एक घड्याळ आणि एक भागाकार, एवढ्यावर ही परीक्षा होते.

मीटरला न दिसणाऱ्या गोष्टी

हवा चांगली की वाईट हे एकट्या कार्बन डायऑक्साइडवरून पूर्ण कळत नाही. त्यासाठी डोळे आणि नाक वापरून वर्गातून एक फेरी मारावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९५ मध्ये शाळांसाठी तपासणीचा जो संच काढला, त्याचा गाभाही हाच आहे. एका माणसाकडे जबाबदारी द्यायची, यादी हातात घेऊन फिरायचे, दिसले ते लिहायचे आणि पुढच्या वेळी त्याच यादीने पुन्हा पाहायचे. फेरीत पुढील गोष्टी पाहाव्यात :

खिडक्या : किती उघडतात? रंगाने चिकटून बसल्या आहेत का? वरच्या झडपांची दोरी किंवा दांडा शाबूत आहे का? खिडकीखाली सामान रचल्यामुळे ती उघडणे अडले आहे का?

ओल : छतावर डाग, भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, गालिच्याला कुबट वास. बुरशी नुसती पुसून चालत नाही. पाणी कोठून येते ते शोधावे लागते.

हीट पंप आणि गाळणी यंत्र : जाळी शेवटची कधी साफ केली?

बाहेरून येणारा धूर : मुलांना न्यायला आलेल्या मोटारी इंजिन चालू ठेवून वर्गाच्या खिडकीखाली उभ्या असतात का? हे तर आपल्याच हातात आहे.

ॲस्बेस्टॉस : २००० पूर्वी बांधलेल्या इमारतींत ते असू शकते. जेथे ते आहे किंवा असण्याची शक्यता आहे, तेथे २०१६ च्या नियमांनुसार त्याच्या व्यवस्थापनाची लेखी योजना असावी लागते. न हललेले, शाबूत ॲस्बेस्टॉस लगेच घातक नसते. दुरुस्तीसाठी भिंत फोडताना ते माहीत असणे महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलांच्या खेळाच्या काही रंगीत वाळूत ॲस्बेस्टॉस सापडल्यावर ती परत मागवली गेली आणि काही शाळांना वर्ग तात्पुरते बंद ठेवावे लागले. धोका नेहमी जुन्या भिंतीतूनच येतो असे नाही.

पुकेकोहेत आणखी एक बाब आहे. टेकडीच्या तांबड्या ज्वालामुखी मातीत कांदे-बटाट्यांची शेते घरांना आणि शाळांना लागून आहेत. फवारणी चालू असताना आणि वारा शाळेकडे असताना खिडकी उघडी ठेवणे योग्य नाही. शेतीऔषधांच्या एनझेडएस ८४०९ या मानकात शाळा ही संवेदनशील जागा मानली आहे. शेजारच्या शेतकऱ्याकडून फवारणीची पूर्वसूचना शाळेला मिळते का, आणि त्या दिवशी काय करायचे हे शिक्षकांना ठाऊक आहे का, एवढे विचारावे. भाजी पिकवणारेही आपले शेजारीच आहेत. बहुतेक वेळा एका दूरध्वनीने वेळ पुढेमागे होऊ शकते.

कोणाला विचारावे?

'मास्तरांना कसे विचारायचे?' हा संकोच आपल्यात खोलवर असतो. येथील व्यवस्था वेगळी आहे. १९८९ पासून प्रत्येक शाळेचा कारभार पालकांनी निवडलेले प्रतिनिधी असलेले मंडळ पाहते. निवडणूक साधारणपणे दर तीन वर्षांनी होते. मागची सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. मंडळाच्या बैठका पालकांना खुल्या असतात. २०१५ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याप्रमाणे मुले आणि शिक्षक या दोघांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मंडळावर येते. सरकारी शाळांच्या इमारतीसाठी दहा वर्षांचा आराखडा आणि पाच वर्षांचा निधी ठरवण्याची पद्धत आहे. खिडक्यांची दुरुस्ती त्या आराखड्यात आली नाही तर ती वर्षानुवर्षे मागे पडते.

क्रम असा ठेवावा. प्रथम वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग मंडळ. पत्र अर्ध्या पानाचे असावे. त्यात आपली नोंद जोडावी आणि तीन प्रश्न विचारावेत : मीटर कोणत्या वर्गात, कधी ठेवला जातो? सकाळी आणि सुट्टीत खिडक्या उघडण्याचे काम कोणाकडे आहे? न उघडणाऱ्या खिडक्यांची दुरुस्ती आराखड्यात आहे का? एवढे करूनही सरकारी शाळेकडून माहिती मिळाली नाही तर १९८२ च्या शासकीय माहिती कायद्याखाली मागता येते. सर्वसाधारणपणे कामाच्या २० दिवसांत निर्णय कळवावा लागतो. पण ती शेवटची पायरी आहे. बहुतेक शिक्षकांना कोंदट वर्गाचा त्रास मुलांइतकाच होतो, आणि नोंद घेऊन येणारा पालक त्यांना मदतीचाच वाटतो.

आपण घरून काय करावे

मुलाला एक पातळ लोकरी थर जास्त घालावा आणि 'खिडक्या बंद करा' ही विनंती मागे घ्यावी. खोली १८ अंशांखाली जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी हीट पंप चालू ठेवून वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवणे हा मधला मार्ग आहे. सुट्टीत दहा मिनिटे सर्व खिडक्या उघडल्या तर हवा बदलते, भिंती आणि बाके फारशी गार होत नाहीत आणि खोली लवकर पुन्हा तापते. विजेचा थोडा खर्च वाढेल. पण मूल आजारी पडले की आई किंवा बाबांची रजा जाते, आणि ज्यांची रजा संपलेली असते त्यांचा पगार जातो. तो खर्च शाळेच्या हिशेबात कोठेच दिसत नाही, आपल्या घरच्या हिशेबात दिसतो.

मुलाला दमा असेल तर डॉक्टरांकडून लेखी योजना घेऊन ती शाळेत द्यावी. बहुतेक दवाखान्यांत १४ वर्षांखालील मुलांच्या भेटीला पैसे पडत नाहीत आणि त्यांच्या औषधांना पाच डॉलरचे नेहमीचे शुल्कही लागत नाही, तेव्हा खर्चासाठी टाळाटाळ करू नये.

शेवटी एक सूचना. थंडी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलच्या सुट्टीपूर्वी, आपापल्या शाळेत पहिला प्रश्न विचारून ठेवावा : मीटर कोठे आहे? उत्तर काय मिळाले ते मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात एकमेकांना सांगावे. एका शाळेत साधलेली गोष्ट दुसऱ्या शाळेत सांगता आली, तर तिथल्या पालकाला सुरुवात करणे सोपे जाते.